जेठ उतरल्यावरचा मंगळवार

त्या उन्हाळ्यात मला सगळ्यांत जास्त राग येत असेल तर तो अलकाच्या वडिलांचा. त्यांचा अपराध एवढाच की ते बरे झाले होते. रोज सकाळी ते पांढरा शर्ट घालून, हातात काठी नुसती शोभेला धरून आमच्या घरावरून फिरायला जात आणि फाटकाशी थांबून हाक मारत, "काय वकीलीणबाई, अभ्यास चाललाय ना?" मी आतून "हो नाना" म्हणायची आणि मनात म्हणायची, देवा, हे सत्तरीचे आणि माझे बाबा त्यांच्याहून कितीतरी लहान, मग काठी यांच्या हातात आणि सलाईन त्यांच्या हातात, हा कुठला हिशेब? हे असं मनात येतं हे कुणाला सांगायची सोय नव्हती. देवाला सांगावं, तर त्याच्याशीच भांडण होतं.

लखनौला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. यांची बँकेतली बदली, विकास नगरात भाड्याच्या दोन खोल्या, आणि पुढच्या गल्लीत अलका. तिचे यजमान यांच्याच बँकेत, यांच्याहून वरच्या जागेवर. परक्या मुलखात मराठी बोलणारं घर सापडलं की माणूस जिल्हा विचारत नाही, तसं आमचं झालं. ती पुण्याची, मी मूर्तिजापूरची. तिच्याकडे आजोबांपासून सगळे वकील. माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. बाबा शिवणकाम करत. गावातल्या पोरांचे गणवेश शिवून त्यांनी मला बी.ए. केलं, इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी हार आणला तो माझ्यासाठी नव्हे, तो त्यांनी शिलाई मशीनला घातला, आणि मला म्हणाले, "तुले उद्या घालू, आज हिची पाळी." लखनौला आल्यावर संध्याकाळच्या लॉ कॉलेजात मी नाव घातलं, तेव्हा ते फोनवर म्हणाले, "काळ्या कोटाचं माप कळव, मी शिवून ठेवतो."

हिवाळ्यात अलकाचे वडील, नाना, तिच्याकडे आले असताना छातीत कळ येऊन कोसळले. तेलीबागच्या पुढे, रायबरेली रोडला जे मोठं हॉस्पिटल आहे, तिथे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. अलकाने अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिरात नवस बोलला आणि संक्रांतीला नाना आमच्याकडे तिळगूळ घ्यायला पायी चालत आले. त्यांनीच मला सांगितलं, "अगं, तुझ्या बाबांना इकडेच घेऊन ये. तेच डॉक्टर, तोच वॉर्ड. मी उभा आहे ना तुझ्यासमोर!" बाबांचं हृदय बरेच दिवस कुरकुरत होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलेलं होतं आणि बाबा ते शाळा सुटल्यावर, गणवेशांचा हंगाम संपल्यावर, असं करत पुढे ढकलत होते. होळीनंतर हे स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. तेच डॉक्टर, तोच वॉर्ड. ऑपरेशनही चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. पण जखम भरेना. रोज दुपार झाली की ताप चढे. बाबांनी हळूहळू बोलणं सोडलं आणि मग जेवण सोडलं. चमचा ओठांशी नेला की ते मान वळवत, रागाने नाही, अगदी नम्रपणे, जणू दुसऱ्या कुणाचा घास चुकून त्यांच्यासमोर आला होता.

मी शिकलेली होते, म्हणून मी माझ्या दुःखाला उत्तरही शिकलेल्या माणसासारखं शोधलं. इथल्या माणसं भरून धावणाऱ्या टेम्पोने हॉस्पिटलला जाता-येता मांडीवर पुस्तकं असत. इतिहासात पाहिलं तर पानोपानी भाऊ भावाच्या सिंहासनाकडे बघतो आहे, एक राणी दुसरीच्या पाळण्याकडे बघते आहे, आणि त्यापायी गावंच्या गावं जळत आहेत. कायद्याच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की सारख्यांना सारखी वागणूक हा न्यायाचा पाया. मी वहीच्या कडेला मनातल्या मनात खटला लिहायची: दोन वडील, एक आजार, एक डॉक्टर, दोन निकाल, अपील कुठे करायचं? तत्त्वज्ञानाचे आमचे कॉलेजातले सर म्हणत, की दुःख मोजायची पट्टी नाही, म्हणून दुःखाची तुलना नाही. पण मला तर पट्टी रोज फाटकावरून चालत जाताना दिसत होती. राहिला धर्म. लहानपणी गावच्या कीर्तनात सहा शत्रूंची नावं पाठ झाली होती. काम, क्रोध म्हणताना बुवांचा आवाज चढे आणि शेवटचं नाव घेईपर्यंत त्यांचा श्वास संपत येई. मत्सर. बाकीचे पाच दारातून येतात, तो मात्र आपल्याच घरात जन्मतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. थोडक्यात, चारही ठिकाणी मला एकच माणूस भेटला, शेजारच्या ताटात डोकावणारा. त्याचं काय करायचं हे मात्र कुठे सापडलं नाही.

लखनौत जेठ, म्हणजे ज्येष्ठ महिन्यातल्या मंगळवारांना बडा मंगल म्हणतात. आमच्याकडे मारुती शनिवारचा. इथे तो मंगळवारचा. एका बेगमेचा नवस फळला म्हणून ते अलीगंजचं देऊळ उभं राहिलं आणि ही चाल पडली, असं सांगतात. त्या दिवशी शहरभर रस्त्याच्या कडेला मांडव पडतात, थंड सरबत, पुरी-भाजी, बुंदी. घालणारा कोण, खाणारा कोण, कुणी विचारत नाही. कित्येक जण घरापासून देवळापर्यंत लोटांगण घालत जातात, तापल्या डांबरावरून, आणि लोक त्यांच्या पुढे पाणी शिंपडत चालतात. अलकाचा नवस फेडायचा होता. तिने चौकात सरबताचा मांडव घातला आणि मला बोलावलं. न जाऊन भागणार नव्हतं.

जाऊन पाहते तर काय, मांडवात मधोमध नाना! कमरेला उपरणं बांधून, हातात मोठा डाव घेऊन स्वतः पेले भरत होते. त्यांचं हिंदी पुणेरी होतं. "लो लो, शरमाओ मत, एकदम थंडा है, मैंने खुद चखके देखा है," असं ओरडत होते. एक रिक्षावाला म्हणाला, "बाबूजी, चखके देखा है कि आधा पी गए?" सगळे हसले, नाना सगळ्यांत मोठ्याने. अलका माझ्या हातात पेला देत म्हणाली, "बघ ना, ऐकतच नाहीत. सकाळपासून उभे आहेत." तिच्या आवाजात तक्रार होती, आणि अशी तक्रार करायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. पेल्यातलं सरबत गुलाबाचं होतं. ते माझ्या घशाखाली उतरलं ते निखाऱ्यासारखं. त्या गर्दीत, जय बजरंगबलीच्या घोषात, मी देवाला म्हटलं ते असं की, हिच्या वडिलांना तू उभं केलंस ना, मग आता माझ्याही वडिलांना कर, नाहीतर... नाहीतरच्या पुढचं मी मनातही पुरं केलं नाही. पण ते कुठे चाललं होतं हे मला माहीत होतं, आणि मी त्या मांडवातून घाबरून बाहेर पडले.

घरी येऊन मी नवस बोलले. ज्येष्ठाच्या शेवटच्या मंगळवारी, स्वतः रांधून, देवळाच्या रस्त्यावर पुरी-भाजी वाटेन. अलकाला सांगायचं नाही, असंही ठरवलं. तिला सांगितलं असतं तर ती लगेच पदर खोचून आली असती, तिच्या ओळखीचा हलवाई आला असता, नाना डाव घेऊन आले असते, आणि माझा नवस तिच्या नवसाची शेपटी झाला असता. मला माझं स्वतंत्र दार हवं होतं, तिचा हात न लागलेलं. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावलेली, गावाहून आणलेली दिनदर्शिका बघितली, महिना संपायच्या आधीचा मंगळवार शोधला आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकलं. कुणाला एका शब्दाने विचारलं नाही.

मधले मंगळवार हॉस्पिटलच्या फेऱ्यांत गेले. बाबांचा ताप एक दिवस कमी, दोन दिवस जास्त. रात्री हे थांबत, दिवसा मी. समोरच्या खाटेवर गोंडा जिल्ह्याकडचा एक पेशंट होता, आमच्या आधीपासून पडून असलेला. त्याची बायको पायाशी बसून पंख्याने वारा घालत असे. मी तिच्याकडे कधी नीट बघितलं नाही. मला बघायचं होतं ते एकच, की बरं होऊन कोण चाललं आहे. कुणी सामान बांधायला लागलं की मी त्यांच्या पिशव्या मोजत बसे. डॉक्टर एखाद्या नातेवाइकाशी हसून बोलले तर ते हसू आपल्या वाट्याचं होतं आणि पळवलं गेलं, असं वाटे.

तो मंगळवार उजाडला. पहाटे उठून मी कणीक मळली, बटाट्याची सुकी भाजी केली, पुऱ्या तळल्या. हे हॉस्पिटलमधून यायच्या आत मला निघायचं होतं. तळताना मी तोंडाने मारुतीचं नाव घेत होते आणि मनात हिशेब चालूच होता, की माझ्या पुऱ्या अलकाच्या सरबतापेक्षा जड, कारण मी स्वतः लाटल्या. दोन मोठे डबे आणि एक झाकलेलं पातेलं रिक्षात ठेवून मी अलीगंजला उतरले.

रस्ता रिकामा होता. मांडव नाहीत, पताका नाहीत, तापल्या डांबरावर पाणी शिंपडणारे लोक नाहीत. देवळात नेहमीच्या मंगळवारची माणसं येत-जात होती, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, कामावर जायच्या घाईत. मला वाटलं मी फार लवकर आले. फुलांच्या दुकानातल्या बाईला विचारलं, "आज भीड़ कब होगी?" तिने माझ्या डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेजारच्या दुकानदाराला मोठ्याने म्हणाली, "सुनो, ये पूछ रही हैं भीड़ कब होगी!" मग मला म्हणाली, "बहनजी, जेठ तो कब का उतर गया. अब तो असाढ़ लग गया. बड़ा मंगल करने आई हैं क्या?"

मी उभी होते तिथेच थिजले. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यांचा महिना आपल्याआधी पंधरवडाभर सुरू होतो आणि आधी संपतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही; बी.ए.च्या इतिहासाच्या पेपरात मी ती उत्तरात लिहिली होती आणि तिला चांगले गुण मिळाले होते. आमच्या दिनदर्शिकेत वैशाख चालू असतानाच रस्त्यात मांडव दिसले होते, तेव्हा मला वाटलं होतं की लोक उत्साही आहेत, आधीपासून करत असतील. अलकाला एका शब्दाने विचारलं असतं तर तिने हसत सांगितलं असतं. ती आधीचा एक उन्हाळा इथे काढून चुकली होती. पण मला तिचा हात लागू द्यायचा नव्हता. आता जेवणावळ उठून गेल्यावर मी ताट घेऊन आले होते, आणि या चुकीत दुसऱ्या कुणाचा वाटा नव्हता.

मी दोन-चार जणांना पुरी देऊन पाहिली. एकाने विचारलं, "किस बात की है?" मी पुरी परत डब्यात ठेवली. एका बाईने हात जोडले, "उपवास है." मग मी देवळाच्या बाहेर, चपला काढतात त्या ओट्याच्या कडेला डबे ठेवून बसले आणि रडले. मोठ्याने नाही, पण लपवूनही नाही. मला त्या क्षणी खरंच असं वाटलं की देवाने दार लावून घेतलं आहे आणि आतून अलकाच्या घरच्यांचं हसणं ऐकू येतं आहे.

तेवढ्यात एक म्हातारी देवळातून बाहेर आली. साधी सुती साडी, डोक्यावर पदर, दात फार नव्हते. ती माझ्याशेजारी बसली, कसलीही ओळख नसताना डब्याचं झाकण उचललं आणि म्हणाली, "पूड़ी है? लाओ, भूख लगी है." मी पानावर वाढलं. ती सावकाश, बोटं चाटत जेवली. मध्येच म्हणाली, "नमक कम है." मग म्हणाली, "रो काहे रही हो बिटिया, हमने तो खाई न?" मी तिला सांगितलं की माझा महिना चुकला. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "महीना चूका है, परसाद थोड़े न चूका," असं म्हणून तिने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने डब्यांत पुन्हा डोकावून पाहिलं. "इत्ता सब यहाँ कौन खाएगा? अस्पताल ले जाओ. वहाँ तो रोज ही मंगल मनाते हैं लोग, खिलाने वाला कोई नहीं."

ती उठलीच. रस्त्यावर जाऊन तिने एक टेम्पो हात करून थांबवला. टेम्पोवाला आतून ओरडला, "अम्मा, सवारी भरी है." ती म्हणाली, "भरी है तो सरकाओ. परसाद है. गिरा तो बजरंगबली तुमसे समझ लेंगे." आतली माणसं सरकली. कुणीतरी पातेलं मांडीवर घेतलं. टेम्पोवाल्याने विचारलं, "कौन सा अस्पताल?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तेलीबाग वाला, और कौन सा. चारबाग पर दूसरे में ठीक से बिठा देना." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. टेम्पो चारबाग स्टेशनच्या जवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण तिला फक्त महिना चुकल्याचं बोललो. आपलं कुणी हॉस्पिटलात आहे, आणि ते कुठल्या, हे सांगितलंच नव्हतं. कदाचित रडताना पुटपुटले असेन. कदाचित तिने माझ्यासारख्या पुष्कळ जणी पाहिल्या असतील. लखनौत कुणी अस्पताल म्हटलं की तेच आधी मनात येत असेल. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि आता करत नाही.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला कडुलिंबाची झाडं होती. त्यांच्या सावलीत पेशंटांचे नातेवाईक राहत. चादरी अंथरलेल्या, स्टोव्ह, फांद्यांना अडकवलेल्या पिशव्या. मी रोज तिथूनच जायची, नाकाला पदर लावून, घाईने. त्या दिवशी मी तिथे डबे उतरवले आणि "प्रसाद है" एवढंच म्हटलं. किस बात का, असं कुणीच विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने आपली चादर झटकून मला बसायला दिली. एका बाईने न सांगता वाढायला घेतलं. मी पुऱ्या देत होते, ती भाजी. काही वेळाने मान वर करून बघते तर ती समोरच्या खाटेवरच्या पेशंटची बायको. रामदुलारी तिचं नाव. इतके दिवस तिच्या नवऱ्याची खाट माझ्या बाबांच्या समोर होती आणि तिचं नाव मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यांना वाढून झाल्यावर ती माझ्याजवळ उकिडवी बसून जेवली. पहिल्या घासाला तिचे डोळे मिटले. मग म्हणाली, "एक बात कहें दीदी? बुरा न मानना."

मी म्हटलं, "बोलो."

"हम आपसे बहुत जलते थे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती घास चावत, काही विशेष न सांगितल्यासारखी बोलत राहिली. "आप रोज साफ साड़ी पहन के आती हैं, घर का खाना लाती हैं. रात को भैया बैठते हैं, दिन में आप. हम अकेले हैं. और आप आती हैं तो बाबूजी आँख खोलते हैं, आपको देखते हैं. हमारे ये तो हमें पहचानते ही नहीं. हम तो मन ही मन कहते थे, हे भगवान, इनका मरीज तो आँख खोलता है, हमारा काहे नहीं?" मग ती एकदम हसली, पुरीच्या तुकड्यात भाजी उचलली आणि म्हणाली, "अब आपकी पूड़ी खा ली. अब कैसे जलें, बताओ!"

महिनोन्‌महिने मी जिच्यासमोर बसून फाटकावरून चालत जाणाऱ्या नानांचा हेवा करत होते, ती माझ्याकडे बघून तेच शब्द, तीच तक्रार, त्याच देवाकडे नेत होती. मी कुणाच्या तरी डोळ्यांत अलका होते. माझे बाबा कुणाच्या तरी मनात नाना होते. बाबा डोळे उघडून माझ्याकडे बघतात, हे तिने सांगेपर्यंत मला दिसलं नव्हतं, कारण त्या वेळी माझे डोळे दुसऱ्यांच्या ताटात होते. मी तिचा हात धरला. तो भाजीने माखलेला होता. ती म्हणाली, "अरे, हाथ जूठा है!" मी सोडला नाही.

वर वॉर्डात गेले तेव्हा दुपार झाली होती, ताप चढायची वेळ. माझी वाट बघत थांबलेले हे स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होते. माझ्या पदराला, केसांना तळणाचा वास लागलेला असणार. मी बाबांच्या उशाशी गेले आणि त्यांनी डोळे उघडले. या वेळी मी ते उघडताना पाहिले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पुऱ्या केल्या काय वं?"

कित्येक दिवसांत हा त्यांचा पहिला पुरा प्रश्न होता. मी म्हटलं, "हो बाबा."

"मले नाही आणल्या?"

डब्याच्या तळाशी एक पुरी उरली होती. नर्सबाईंना विचारलं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग बाबांकडे बघून म्हणाल्या, "एक निवाला. बस एक." मी बोटभर तुकडा भाजीशिवाय, कोरडाच, त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी मान वळवली नाही. सावकाश चघळला. मला वाटलं आता म्हणतील मीठ कमी आहे. ते समोरच्या खाटेकडे बघत होते.

"त्यायले देली काय?"

मी म्हटलं, "त्यांच्या बायकोला दिली."

"मंग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. हे जागे होऊन आमच्याकडे बघत होते. त्यांनी उठून मला स्टूल दिलं.

त्यानंतर बाबांचा ताप उतरत गेला. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात औषध बदललं होतं, त्यानेच उतरला असणार. मी कधी कुणाशी या गोष्टीवरून वाद घातला नाही आणि घालणारही नाही. ते बरे झाले, पण नानांसारखे नाही. त्यांची काठी शोभेची नव्हती. गावी परत गेल्यावर शिलाई मशीनचं पायडल त्यांना झेपेना, म्हणून ते हातशिलाई करत, आणि माझा काळा कोट त्यांनी तसाच, हाताने, धावदोरा घालून शिवला. तो मी अजून वापरते. कोर्टात उभी राहून बोलताना कधीकधी आतल्या अस्तरावर बोट फिरवते.

रामदुलारीचं काय झालं ते मला कळलं नाही. बाबांना घरी सोडायच्या आधी एका सकाळी गेले तर समोरच्या खाटेवर नवा माणूस होता. विचारलं तर वॉर्डातले म्हणाले, गाँव ले गए. बरा होऊन नेला की तसाच नेला, हे त्या तीन शब्दांत दोन्ही बसतं. झाडाखाली जाऊन बघितलं, तिची पिशवी फांदीवर नव्हती. मी तिला माझा पत्ताही दिलेला नव्हता. रोजच्या पूजेत तिच्या नवऱ्यासाठी एक फूल वाहते. तो असला तरी, नसला तरी, ते त्याचंच.

अलकाला मी सगळं सांगितलं, आषाढात, तिच्या ओट्यावर बसून. महिन्याची चूक ऐकून ती आधी हसली, "अगं वेडे, मला विचारायचं नाहीस का?" मग का विचारलं नाही तेही मी सांगितलं. नाना आतून ऐकत होते. बाहेर येऊन ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "वकीलीणबाई, चाळीस वर्षं कोर्टात काढली. अर्ध्याहून जास्त दाव्यांत मागणं एकच असतं. माझं मला द्या असं कोण म्हणतो? त्याचं त्याला देऊ नका म्हणतात." मग म्हणाले, "आता सांग, पुऱ्या मला का नाही ठेवल्या?"

मत्सर गेला, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तो येतो. कुणाची मुलं पुढे गेली, कुणाची बदली मनासारखी झाली, की आत तो जुना निखारा हलतो. पण आता त्याला बघितल्यावर मला रामदुलारीचा उकिडवा बसलेला आकार आठवतो आणि मी मागे वळून बघते, आपल्याकडे कोण बघतं आहे. बहुधा कुणीतरी असतंच. इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान मी पुढेही वाचत राहिले, आणि त्यांतला तो ताटात डोकावणारा माणूस मला आता इतका वाईट वाटत नाही. तो भुकेला आहे. त्याला एक पुरी द्यावी, आणि आपल्यालाही कुणी दिली तर कशाबद्दल हे न विचारता घ्यावी, एवढंच मला कळलं. देवाच्या हातात सगळं सोपवणं म्हणजे काय, हे मोठ्यांनी मोठ्या शब्दांत सांगितलेलं आहे. माझ्यापुरतं ते त्या म्हातारीने टेम्पोत बसवून दिलं, त्यासारखं होतं. आपण आपला पत्ता सांगायच्या आत तिने सांगावा, आणि आपण सरकून बसावं.

पुढच्या वर्षी बडा मंगलला मी अलकाच्या मांडवात सरबत वाटलं, नानांच्या शेजारी उभी राहून. पण पुऱ्या मी त्या दिवशी केल्या नाहीत. लखनौत होतो तेवढी सगळी वर्षं, तिथला जेठ उतरून गेल्यावर, मांडव उठल्यावर, आमच्या दिनदर्शिकेत ज्येष्ठाचा शेवटचा मंगळवार आला की मी पहाटे कणीक मळायची आणि अलका भाजीत मीठ बघायची. मग आम्ही दोघी डबे घेऊन टेम्पोत बसायचो. टेम्पोवाला विचारायचा, "आज क्या है बहनजी?"

अलका सांगायची, "बड़ा मंगल."

तो आमच्याकडे आरशातून बघायचा, आणि डब्यांसाठी आपल्या शेजारी सरकून जागा करायचा.